सहावी फेरी

— नाही नाही, उठू नका हो, बसा तसेच. फक्त जरा डावीकडे सरका — अजून थोडं — हां, आता बरोबर. उन्हाचं नाही काही, सकाळी सातचं ऊन, ते काय लागणार. तुम्ही असे बसलात की खालून मी दिसत नाही, म्हणून. आडोसा म्हणून वापरतोय म्हणा तुम्हाला. राग नका मानू. तसंही तुम्हाला तासभर बसायचंच आहे, भरती ओसरली नाही अजून, चिखल उघडा पडल्याशिवाय तुमचे फ्लेमिंगो काही येत नाहीत. मला विचारा ना. ती पत्र्याची गोदामं दिसतात, तेलाच्या टाक्यांच्या अलीकडे — सत्तावीस वर्षं काढली तिथे. टॅली क्लार्क. ट्रकमध्ये किती पोती चढली, किती उतरली, उभ्याने मोजायची. तेव्हा हा नवा पूल नव्हता, आणि गळ्यात दुर्बीण घालून कोणी शिवडीला पक्षी बघायला येईल असं कोणी बोललं असतं ना, तर आम्ही त्याला कटिंग पाजून घरी पाठवला असता. — चांगली आहे दुर्बीण. लांबचं स्पष्ट दिसत असेल. — मग एक काम करा माझं. पक्षी येईपर्यंतच हां. जरा खाली बघा. भिंतीलगत कडुनिंब आहे ना, तिथे. पिवळा टी-शर्ट. मुलगी. — अहो, असं काय बघताय माझ्याकडे! मुलगी आहे माझी ती. मनवा. एकोणीस पूर्ण. हा बघा मोबाईलवर फोटो, मी, ती आणि लतिका, माझी बायको. हीच ना? झालं समाधान? बापच आहे मी. लपलेला आहे, एवढंच.

काय करतेय? एका पायावर उभी असेल. उजव्या. — डोलतेय का? नीट बघून सांगा, घोटा थरथरतोय का? — नाही? नक्की? — बरं. डोळे मिटून तीस मोजायचे असतात तसं उभं राहून. तुमच्या पक्ष्यांचं बरं आहे, त्यांना जन्मतःच येतं. हिला परत शिकायला सव्वा वर्ष लागलं. आता पळेल बघा. कडुनिंबापासून त्या तुटक्या खांबापर्यंत पळायचं आणि खांबापासून चालत परत यायचं, ही झाली एक फेरी. अशा पाच. पाचच. डोंगर पालथे घालणारी पोरगी हो ती, एकवीस-एकवीस किलोमीटर, चढ काय नि उतार काय — ट्रेल म्हणतात त्याला, डोंगरातल्या पायवाटेवरचं पळणं — आणि आज तिला पाच फेऱ्यांची परवानगी आहे. ऑपरेशननंतर कच्च्या जमिनीवर आज पहिल्यांदा. आत्तापर्यंत नुसतं सपाटीवर, शिवाजी पार्कला, मिनिटभर पळ, दोन मिनिटं चाल. खडे, मुळं, उतार, सगळं आज पहिल्यांदा.

मला कसं माहीत? फ्रिजवर कागद आहे ना. दादरला फिजिओ आहे तिची, पोरगीच आहे, पण कडक. ती दर पंधरा दिवसांनी कागद लिहून देते आणि मनू तो फ्रिजवर चिकटवते. मुद्दाम. माझ्या डोळ्यांसमोर. पाणी प्यायला गेलो की आधी तो कागद वाचायचा. ‘ह्या घरात आता कागद लपणार नाहीत’ — असं म्हणायचं असतं तिला. तोंडाने नाही म्हणत. तोंडाने ती सव्वा वर्षात माझ्याशी जे काय बोलली ना, ते एका पोस्टकार्डावर मावेल. दूध आणा. दार लावा. आजीची गोळी राहिली. संपलं. परवा जेवताना लतिकाला सांगत होती, रविवारी सात वाजता, शिवडीच्या किल्ल्याखाली, आणि कोणी यायचं नाही. कोणी म्हणजे कोण? घरात आहोत चार माणसं. आई तर जिना उतरत नाही, लतिका कधी आली नाही बघायला. म्हणजे कोण ते कळलं की नाही? — म्हणून हे असं. स्कूटरसुद्धा खाली गेटजवळ त्या मोठ्या ट्रकच्या मागे लावलीय, जाताना तिला दिसू नये म्हणून. सत्तावीस वर्षं ट्रक बघितलेत, कुठला ट्रक दिवसभर जागचा हलणार नाही ते मला बरोबर कळतं.

— निघाली! ही पहिली. माझ्याकडे काय बघताय, तिकडे बघा. पाऊल कसं पडतंय? बूट बाहेरच्या बाजूला कलंडतोय का? — सरळ पडतोय? — असं. — मी? मी पण धावायचो एके काळी, पोर्टच्या स्पर्धांमध्ये, कॅनव्हासचे बूट घालून. दोनदा पहिला आलो. एकदा स्टीलचा डबा मिळाला, एकदा भिंतीवरचं घड्याळ, तेही गोदामाच्या भिंतीला लावलं साहेबांनी. — घोटे? माझे दोन्ही घोटे ठणठणीत आहेत. बावन्न वर्षांत एकदा पाय मुरगळला नाही माझा. तीच तर गंमत आहे ना.

तुम्ही कुठले? — दादर. मग तुमच्यात मानत नसतील. पायाळू माहीत आहे? — हां, तेच, जन्मताना डोक्याऐवजी पाय आधी आले तो पायाळू. माझी आई पायाळू. मीराबाई. मालवणाकडची. वडील गिरणीत होते, धोंडू, ते गेले. पायाळूच्या पायाला गुण असतो म्हणतात — उसण भरली, मान आखडली, पाय मुरगळला, की पायाळूने आपला पाय तिथे लावायचा, उतरतं. लालबागला आमची अख्खी चाळ यायची हो. रविवारी सकाळी दारात माणसं कंबर धरून उभी, आणि आई हातातलं काम टाकून उंबऱ्यावर बसायची. डाव्या पायाचा अंगठा दुखऱ्या जागेवरून तीनदा फिरवायचा, बस. ना मंत्र, ना नारळ, ना पैसा. घेतलं तर गुण जातो म्हणायची. ढग गडगडले की आम्ही तिला आतल्या खोलीत बसवायचो, गॅलरीत जाऊ द्यायचो नाही, कारण पायाळूवर वीज पडते म्हणतात. — हसा, हसा. मी पण नव्हतोच मानत. तेच सांगतोय तुम्हाला, मी कधीच मानलं नाही. मनू मानायची. लहानपणी ढोपर फुटलं की पहिली धाव आजीच्या पायाशी. आजीच्या अंगठ्यात औषध आहे असं वाटायचं तिला, आणि लहानपणीचं वाटणं काय, जात नाही ते.

दुसरी गेली. बघा, चालत परत येतेय. लंगडत नाही ना? — बरं.

आता मी तिला पळायला लावलं असं लोक म्हणतात. लतिका म्हणते. खोटं आहे. पळायची आवड तिचीच. मी फक्त उठवलं तिला. साडेचारला. चौदा वर्षांची होती, शीवच्या किल्ल्यावर न्यायचो, शाळेच्या आधी पायऱ्यांचे दहा चढ, दहा उतार. मी खाली उभा, मोजायला. मोजणं माझा धंदाच होता. दहा झाले की म्हणायचो, चल, अजून एक. ती अकरावा पळायची. कधी नाही म्हणाली नाही. मग रविवारी कर्जतच्या डोंगरात. रस्त्यावर पळणारे ढिगाने आहेत हो मुंबईत, मरिन ड्राइव्हला सकाळी जा, चालायला जागा नसते. पण दगडाधोंड्यातून उतारावर पाय न बघता पळणारी पोरगी — तिला उतारावर बघायला हवं होतं तुम्ही. चढाला सगळेच मरतात, उतारावर माणूस कळतो. ही उतरायची ना, तर मागचे उभे राहून बघत राहायचे. एकदा एकाने मला विचारलं, कोण हिचा कोच? म्हटलं, मी. — ‘मी’. एवढं म्हणायला मिळालं मला आयुष्यात.

— काय कर्कश हॉर्न आहे ह्या ट्रकवाल्यांचा. रविवारी पण सुख नाही. असो. तिसरी सुरू झाली का? झाली.

तर डिसेंबरात एक शर्यत होती. मागच्या नाही, त्याच्या मागच्या. कर्जतच्या बाजूलाच, एकवीस किलोमीटर, आणि त्यातून चार मुली निवडणार होते बाहेरच्या देशात पाठवायला. मनू त्या चारांत येणार हे शेंबडं पोर पण सांगत होतं. आणि त्यात तो फ्लेक्स. आमच्याकडे मयूर म्हणून एक आहे, निवडणुकीला उभं राहायचं खूळ डोक्यात. त्याला कळलं, झालं, शर्यतीच्या महिनाभर आधीच नाक्यावर फ्लेक्स — ‘लालबागची वाघीण कु. मनवा हिला विजयासाठी हार्दिक शुभेच्छा’. मयूरचा फोटो दरवाजाएवढा, मनूचा पासपोर्टएवढा, खाली शर्यतीची तारीख. दुसऱ्या दिवशी भाजीवाली मला म्हणते, वाघिणीचे बाबा, मेथी घेऊन जा. सत्तावीस वर्षं त्या नाक्यावरून ये-जा केली, कोणी नावाने ओळखलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, आवडलं मला. संध्याकाळी काही काम नसताना खाली जायचो. फ्लेक्सखालून.

आणि आठव्या दिवशी शीवच्या पायऱ्यांवर हिचा घोटा मुरगळला. उजवा. मी मोजत होतो. अकरावा उतार होता.

टम्म सुजला. नेलं डॉक्टरकडे, परळला, हाडांचा आहे एक. आता डॉक्टर लोकांचं तुम्हाला माहीत आहे, एक म्हणतो दोन आठवडे आराम, एक म्हणतो सहा. शर्यतीला तीन आठवडे होते. दोन आठवडे आराम केला तिने, शहाण्यासारखा, पाय उशीवर ठेवून. मग संध्याकाळी आईला सांगितलं, पाय लाव हिला. उंबऱ्यावर बसवली, आईने अंगठा फिरवला तीनदा, आणि मनू उभी राहिली, दोन उड्या मारल्या, म्हणाली, बाबा, गेलं! दुखतच नाही! चाळीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग तुम्हीच सांगा, माझं काय — काय? — कोण सहा म्हणालं? — कुठे, मी आपलं सहज — अहो, तुम्ही पक्षी बघायला आलात की चौकशीला?

एकच डॉक्टर होता. — हो. — सहाच म्हणाला होता.

लिहूनच दिलं होतं त्याने. सहा आठवडे पळणं बंद, डोंगर तर नावच काढू नका, आतला बंध अर्धा फाटलाय. मनू बाहेर बाकावर बसली होती, पट्टी बांधून घेत. कागद माझ्या हातात. आत ते बाहेर, दहा पावलं असतील. दहा पावलांत मी त्याची घडी घातली, खिशात टाकला आणि तिला म्हटलं, दोन आठवडे म्हणतायत. बस. एवढंच केलं मी. दुसरं काही केलं नाही. — आणि आईचा पाय. हां, ते पण मीच. तिला वाटत होतं अजून आत दुखतंय, घाबरली होती पोरगी, म्हणाली, बाबा, एकदा परत डॉक्टरला दाखवू या. म्हटलं, डॉक्टर कशाला, घरात आजी आहे. आईला पण तेच सांगितलं, डॉक्टर म्हणाले बरं झालंय, उगाच भीती बसलीय मनात, तू पाय लाव म्हणजे जाईल. मी मानत नव्हतो, साहेब. ज्या दोघी मानत होत्या त्यांच्याकडून करून घेतलं.

चौथी. ही चौथी ना? मी मोजतोय, चौथीच. — पाय?

शर्यतीत मी बाराव्या किलोमीटरला होतो, पाणी देतात तिथे. दुसरी होती ती. दुसरी! आली, उभी राहिली, पाणी नाही घेतलं. म्हणाली, बाबा, घोटा आतून हलतोय. तिथली एक बाई होती, पाणी देणारी, ती म्हणाली, थांबायचं का बाळा? इथून जीप आहे खाली जायला. आणि मनूने माझ्याकडे बघितलं. — तुम्हाला मुलं आहेत? — मग तुम्हाला नाही कळणार कसं बघितलं ते. ती म्हणाली असती ना ‘थांबते’, तर मी काही बोललो नसतो, आईशप्पथ. पण तिने विचारलं. माझ्याकडे बघून विचारलं. आणि मी म्हटलं, आजीने पाय लावलाय ना? मग? चल.

‘चल.’ दोन अक्षरं.

पुढे दोन किलोमीटरवर उतार होता. मागून येणाऱ्या मुलीने सांगितलं नंतर, वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला म्हणे. खाली आणायला साडेतीन तास लागले, चौघांनी आळीपाळीने पाठीवर घेऊन. मोठ्या दवाखान्यात नेलं तर तिथला सर्जन विचारतो, आधी काही झालं होतं का, कागद असेल तर द्या. शर्यतीला जाताना पाकिटात तसाच होता तो माझ्या. का फाडला नाही, विचारू नका. फाडायला हवा होता. काढून त्याच्या हातात द्यायला गेलो आणि मध्ये मनू पडली होती पलंगावर, तिने घेतला. आधी तारीख वाचली. मग आकडा. मग घडी घातली, मी घातली होती तश्शीच, आणि मला परत दिला. ओरडली असती तर बरं झालं असतं. लतिका ओरडली, चार दिवस ओरडली, ते काही वाटलं नाही.

आणि आई. मनूने घरी आल्यावर तिला विचारलं, आजी, तुला माहीत होतं? आईने मला समोर बसवलं, ‘अभया, खरा सांग माका. डागदरान काय सांगलेल्यान?’ सांगितलं. काय करणार, एक्याऐंशी वर्षांची बाई समोर बसलीय. मग आपल्याच पायाकडे बघून म्हणाली, ‘माझ्या पायान माझ्या नातीचो पाय मोडलो.’ त्या दिवसापासून ती कोणाला पाय लावत नाही. आमच्या शेजारची दुर्गाबाई, तीस वर्षं येते बिचारी उसण भरली की, मागच्या महिन्यात आली वाकडी होऊन, तर आईने लुगड्याखाली पाय ओढून घेतला. म्हणाली, गुण गेला, दवाखान्यात जा. दुर्गाबाई माझ्याकडे अशी बघत गेली ना. आणि तो फ्लेक्स तिच्याकडेच आहे. मयूरने उतरवून टाकला होता, हिने नेला गच्चीवर. मिरच्या वाळत घालते त्यावर. मनूच्या तोंडावर मिरच्या, मयूरच्या तोंडावर मिरच्या. तारीख तेवढी दिसते मधून.

— पाचवी चाललीय. बोलू नका जरा. — खडे आहेत तिथे, खांबाच्या अलीकडे — गेली. गेली सुखरूप. झाली! पाच! बघितलंत? एकदाही नाही अडखळली. मागे जुलैत घाई केली होती तिने, एकटीच जाऊन पळाली कोणाला न सांगता, परत मुरगळला, परत तीन महिने घरात. घाई माझी, अंगात तिच्या उतरलीय, काय करणार. पण आज नाही. आज कागदावर लिहिलंय तेवढंच. आता ती बसेल, बूट काढेल, घोटा दाबून बघेल अंगठ्याने, तसं शिकवलंय फिजिओने, मग बर्फ, मग घरी. आणि मी तिच्या आधी घरी. पेपर वाचत बसलेला. माझं काम झालं. मला काय, एवढंच बघायचं होतं, की —

परत पळाली?

सहावी आहे ही. — चुकली असेल मोजायला. नाही, ती नाही चुकत मोजायला. — असेल, एखादी जास्त सांगितली असेल तिला — कागदावर पाच आहेत, मी वाचलेत — पण अहो, बघा ना! बघा कशी पळतेय! आत्तापर्यंत जपून जपून टाकत होती पाऊल, आता बघा, मान वर, हात मोकळे — द्या, द्या ती दुर्बीण इकडे जरा, एक मिनिट — हे कसं फिरवतात — आलं. आलं. आहाहा. अहो, खाली बघतच नाहीये ती! दगड आला की पाय आपोआप पलीकडे. हेच. हेच ते, सांगत होतो ना तुम्हाला, मागचे उभे राहून बघायचे ते हेच. सव्वा वर्ष वाटत होतं संपली पोरगी. कोण म्हणतं संपली? कोण म्हणतं! — हो, कळतंय हो मला पाच आहेत ते. कळतंय. एका फेरीने काय होतंय? चांगलं पळतेय तर पळू दे ना, एवढी एकच —

झाली. बघा, काही झालं का? काही नाही झालं.

— आता कुठे? ए — नाही, नाही, आता नाही. सातवी? पाय दमतो हो, दमला की सगळं तिथेच — पाऊल आत पडतंय, दिसतंय मला, बूट कलंडतोय — मनू! — ए मनू! — थांब! — मनू, थांब! थांब म्हणतो ना!

थांबली.

थांबली हो. जागच्या जागी. वर बघतेय. — राहू द्या आता, सरकू नका, बघितलं तिने. काय करतेय? फोन काढतेय. — माझाच वाजतोय.

हॅलो — हां, मनू — नाही गं, मी असंच, सहज इकडे — हो. हो, मीच ओरडलो. दुखतंय का तुला? — नाही ना? मग झालं. अगं, कागदावर पाचच आहेत, म्हणून मी — काय? — हो. मोजत होतो. — पहिल्यापासून. — — हो, सहावी पण बघितली. — — — मनू, ऐक जरा. ऐक ना बाळा. मनू —

ठेवला.

काय म्हणणार. तिला माहीत होतं. तो ट्रक, म्हणे, तिसऱ्या फेरीलाच निघून गेला, गेटवर माझी स्कूटर एकटी उभी. दिवसभर हलणार नाही म्हटलं होतं ना मी? हलला. — पाच फेऱ्या तिच्या होत्या म्हणाली. पाच झाल्यावर संपलंच होतं तिचं. ‘सहावी मी तुमच्यासाठी पळाले, बाबा. तुम्ही थांबवता का बघायला. सगळा वेळ खांबाकडे बघत नव्हते, वर ऐकत होते.’ असं म्हणाली. सव्वा वर्षात एवढं बोलली नव्हती. मग म्हणाली, ‘सातवीला ओरडलात. सहावीला का नाही ओरडलात?’

तुम्ही होतात ना इथे. तुम्ही ऐकलंत मी काय म्हणालो ते. तुम्ही तर आठवण पण करून दिलीत, पाच आहेत म्हणून.

बूट काढतेय. घोटा दाबून बघतेय. बर्फ लावेल आता. — निघाली. नाही बघितलं वर.

ही घ्या तुमची दुर्बीण. तिकडे बघा, पाणी गेलं, चिखल उघडा पडलाय. गुलाबी दिसतंय ना पुलाच्या खांबांपाशी, तेच. आले तुमचे पक्षी. — जा. — अहो, जा म्हणतो ना! आता कशाला बसताय माझ्यासमोर? कोणापासून लपायचंय मला आता?